सातवा हात

करवंदे गावच्या शालूबाईला राजकारण कळतं, असं कुणी तिच्या तोंडावर म्हटलं असतं तर तिनं त्याला खुळ्यात काढलं असतं. तिला कळायचे ते स्वतःचे गुडघे. सकाळी आठ ते संध्याकाळी पाच ती गुलाबांच्या पॉलिहाउसवर उभी असायची. आत फुलं तोडणाऱ्या बायका वेगळ्या. शालूबाई शेजारच्या गार खोलीत, लांबलचक टेबलापाशी. देठ मोजायचे, खालची पानं ओरबाडायची, एका लांबीची वीस फुलं जुळवायची, पुठ्ठ्यात गुंडाळून रबर लावायचं. दिवसाला असे दोन-अडीचशे जुडे. वय छप्पन्न. नवरा मारुती जाऊन नऊ वर्षं झालेली. मुलगा नवनाथ तळेगावकडच्या एका कारखान्यात कंत्राटावर. गुलाबाचा वास यायचा बंद झाला त्यालाही बरीच वर्षं झाली होती आणि त्याचं तिला काही वाटत नव्हतं.

त्या टेबलाभोवती नऊ-दहा बायका असायच्या. साडेसातची मालिका सगळ्यांना बघायची असे, पण बघायला मिळे एकट्या शालूबाईला. बाकीच्या घरांत त्या वेळी टीव्ही पुरुषांच्या ताब्यात आणि बायका भाकऱ्यांपुढं. नवनाथ दुसऱ्या पाळीला असायचा, त्यामुळं शालूबाईच्या घरात रिमोट तिचा. तेव्हा काल काय झालं ते दुसऱ्या दिवशी टेबलावर सांगायचं काम तिच्याकडं आलं. कुणी दिलं नव्हतं, आपसूक आलं. ती सांगायची पण झकास. जाहिराती गाळायची, रडारड आटपती घ्यायची आणि भांडण मात्र दोन्ही बाजूंनी साग्रसंगीत.

मालिका होती रणदिव्यांच्या घराची. मसाल्याचा मोठा कारखाना. घरात आईसाहेब, त्यांच्या कमरेला किल्ल्या. थोरली सून, सोशिक. धाकटा दीर, लबाड. असल्या मालिका छप्पन्न असतात, शहाणी माणसं त्यांना नाकं मुरडतात आणि मुरडता मुरडता रोज बघतात. शालूबाईची गंमत अशी की तिला ते घर कधी नुसतं घर दिसलंच नाही.

मधे राज्यातला एक पक्ष फुटला. नाव कुणाचं, चिन्ह कुणाचं, यावरून रोज टीव्हीवर माणसं एकमेकांच्या अंगावर ओरडत होती. टेबलावरच्या बायकांना ओ का ठो कळेना. आक्काबाई म्हणाली, "मला येवढं सांगा, आपण मत दिलं ते आता कुटं गेलं?" शालूबाईनं जुडा खाली ठेवला.

"हे बग. धाकटा दीर कारखान्यातनं बाहेर पडला का न्हाई? जाताना काय घेऊन गेला? मसाल्याच्या पुडीवरचं नाव. पाटी. चित्र. आन म्हाताऱ्या आईसाहेबांकडं काय ऱ्हायलं? मसाला कसा कुटायचा ती अक्कल. आता दुकानात जाणारा मानूस पुडीवरचं नाव बगतो. त्येला काय ठावं आत कुनाचा मसाला हाय? मत तुजं पुडीत हाय. पुडी कुनाकडं गेली ते तू बग."

आक्काबाई म्हणाली, "आसं व्हय." तासभर टीव्हीवर टाय लावून बसणाऱ्यांना जे जमलं नव्हतं ते दहा-बारा वाक्यांत झालं होतं. पण शालूबाईचे पाय दुखत होते, म्हणून तिनं पुढचा जुडा घेतला.

आता ही बाई ग्रामपंचायतीची सदस्य होती, हे सांगायला हवं. तिनं काही हौसेनं फॉर्म भरला नव्हता. वॉर्डातली जागा बाईसाठी राखीव झाली, तेव्हा आदिनाथभाऊंनी तिचं नाव पुढं केलं. आदिनाथ म्हणजे गावचं खरं सरकार. रस्त्याची कामं त्याची, गटाराची कामं त्याची, कारखान्यांना कंत्राटी माणसं पुरवायचा ठेकाही त्याचा. नवनाथ त्याच्याच ठेक्यावर होता. बोलायला गोड, कपडे पांढरे, आवाज कधी चढलेला कुणी ऐकला नाही. आक्काबाईलाही त्यानंच उभं केलं. खाली मान घालून काम करणाऱ्या बायका हव्या होत्या, आणि त्या त्याला मिळाल्या.

सरपंचपदही बाईसाठी राखीव निघालं, तेव्हा त्यानं स्नेहलला बसवलं. स्नेहल तिशीच्या आतली, बारावी झालेली, त्याच टेबलावर शालूबाईच्या शेजारी जुडे बांधणारी. ज्या थंडीत शालूबाईचा उजवा गुडघा पार धरला होता, त्या थंडीत स्नेहल स्वतःचे बांधलेले दहा-बारा जुडे गुपचूप तिच्या ढिगात सरकवायची, म्हणजे म्हातारीचा आकडा कमी पडू नये. सरपंच झाल्यावरही ती टेबलावर यायचीच. ऑफिसात तिचं काम झेंड्याच्या दिवशी आणि फोटोच्या वेळी.

सही कुठं करायची, हा प्रश्न नव्हता. सरपंचाची सही आता कागदावर होत नाही. बोटाएवढं एक डोंगल असतं. ते कॉम्प्युटरला खोचलं, चार आकडी पिन दाबला की सरपंचानं सही केली असं होतं, मग सरपंच ऑफिसात असो नाहीतर पॉलिहाउसवर गुलाब निवडत असो. स्नेहलचं डोंगल पहिल्या दिवसापासून आदिनाथच्या खिशात होतं. पिनही त्यालाच ठाऊक.

एके दिवशी शालूबाई आदल्या दिवशीचा भाग सांगत होती. आईसाहेबांनी थोरलीला कारखान्याच्या खुर्चीत बसवलं, तिच्या नावाची पितळी पाटी दारावर लावली, ओवाळलं. आणि शिक्का मात्र कपाटात, कपाटाची किल्ली कमरेला.

"मग कागदावर शिक्का कोन मारतं?" स्नेहलनं विचारलं.

"आईसाहेबच. वर नाव थोरलीचं. उद्या मसाल्यात विटकरीची भुकटी घावली, तर धरणार कुनाला?"

"थोरलीला."

"व्हय. आन तुज्या त्या डोंगलाचं काय येगळं हाय?"

शालूबाईनं ते बोलण्याच्या ओघात म्हटलं. तिच्या मनात काही क्रांती वगैरे नव्हती. पण स्नेहलचे हात थांबले. तिनं विचारलं, "थोरलीनं मग काय केलं?"

"भर जेवणाच्या पंगतीत किल्ली मागितली."

स्नेहलनंही मागितली. महिन्याच्या सभेत, चहा आल्यावर, सगळ्यांच्या देखत. आदिनाथ सदस्य नव्हता, तरी सभेला बसायचाच. तो हसून म्हणाला, "उद्या देतो की." तो उद्या महिनाभर उगवला नाही. तेव्हा स्नेहल वडगावला पंचायत समितीत गेली आणि लेखी देऊन आली, की माझ्या समोर झालेली नसेल ती सही माझी समजू नये. आदिनाथची तीन कामांची बिलं तिथंच अडकली. आठवड्यात तिच्यावर अविश्वास ठराव आला.

करवंद्याच्या पंचायतीत नऊ सदस्य. बाई सरपंचाला खाली उतरवायला नवातले सात हात वर व्हावे लागतात. सहा आदिनाथचे पक्के होते, त्यांत आक्काबाईही धरून. स्नेहल स्वतः एक, तिच्या भावकीतला एक, ते दोघं तिकडं. उरली शालूबाई. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या हाताला भाव आला होता, आणि तिला त्या बातमीनं नुसतं गळून गेल्यासारखं झालं.

मंगळवारी सकाळी दारात पांढरी गाडी उभी राहिली. आत आक्काबाई आणि आणखी दोन सदस्य आधीच बसलेले. "एकवीरेला जाऊन येऊ," ड्रायव्हर जानू म्हणाला. शालूबाई म्हणाली, "मला पॉलीवर जायाचंय." तेव्हा नवनाथ घरातून तिची पिशवी घेऊन बाहेर आला. पिशवीत तीन लुगडी होती. देवीला जायला तीन लुगडी कशाला लागतात, हे तिनं विचारलं नाही. नवनाथ तिच्याकडं न बघता म्हणाला, "आई, जा. भाऊंनी सांगितलंय."

गाडी कार्ल्याच्या फाट्याला वळलीच नाही. सरळ लोणावळ्यात गेली, चढ चढली आणि एका बंगल्याच्या आवारात शिरून थांबली. मागं फाटक लागलं. "फोन द्या, चार्जिंगला लावतो," जानू म्हणाला आणि सगळे फोन एका कापडी पिशवीत गेले. मोठाले नेते आपापले आमदार पळवून हॉटेलात ठेवतात, ते टीव्हीवर बघून गावोगावचे भाऊ शिकले आहेत. आमदारांना विमान लागतं. ग्रामपंचायतीला जानूची गाडी पुरते.

आणि लाजेची गोष्ट अशी, की शालूबाईला तिथं बरं वाटलं. खोटं कशाला बोला. सकाळी चहा हातात आला. जेवण कुणीतरी दुसऱ्यानं केलं, कुणीतरी दुसऱ्यानं वाढलं, आणि उष्टी ताटं तिच्या समोरून उचलून नेली, तेव्हा ती सवयीनं उठायला गेली आणि परत बसली. पलंग असा मऊ, की पहिल्या दुपारी ती चार तास झोपली. दिवसा इतकी झोप तिला बाळंतपणानंतर लागली नव्हती. बाहेर निळ्या पाण्याचा तलाव होता, त्यात उतरायची कुणाची छाती नव्हती. आक्काबाई काठावर बसून पाण्यात पाय सोडायची आणि म्हणायची, "शाले, ह्यो तुरुंग असंल, तर आपलं घर काय हाय गं?"

संध्याकाळी साडेसातला सगळे टीव्हीपुढं बसले. भिंतभर टीव्ही, त्यात आईसाहेब खऱ्या बाईपेक्षा मोठ्या दिसत होत्या. आणि त्याच आठवड्यात मालिकेनं कोलांटी मारली. थोरली सून खरी थोरली नव्हतीच. खरी कधीच दरीत पडली होती. ही तिचा चेहरा करून आलेली, घर बुडवायला आलेली दुसरीच बाई. सोशिकपणा सगळा नाटकी. आईसाहेबांना पहिल्यापासून संशय होता, म्हणूनच तर त्यांनी किल्ली दिली नव्हती. बुधवारच्या भागात थोरली आरशापुढं उभी राहून तीन वेळा हसली.

आक्काबाई पाय पोटाशी घेऊन बसली होती. "अगं बया," ती म्हणाली. "म्हंजी आईसाहेबांचं बराबर हुतं."

भाग संपता संपता आदिनाथ आला. सोमाटण्याहून पेढे आणले होते. त्यानं प्रत्येकाची तब्येत विचारली, शालूबाईच्या गुडघ्याला लावायला तेलाची बाटलीसुद्धा आणली होती. मग तिच्या समोरच्या खुर्चीत बसला.

"मावशी, बगितलं न्हवं? कशी निगाली थोरली."

तिनं तेलाची बाटली बाजूला सरकवली.

"तुमीच सांगत हुता ना पॉलीवर, स्नेहल म्हंजी थोरली म्हून? आख्खं गाव म्हनतंय मावशी. माज्या कानावर कवाच आलतं. मी काय रागावलो न्हाई. म्हनलं, शालूमावशीला समजतं. तुमी हितं, म्हून कालचा भाग टेबलावर मीच कळवला. आता गावात जाऊन बगा. टेबलावरच्या तुमच्याच बायका म्हनत्यात, हिचं बी तसंच असंल. वडगावला कागद दिवून आली, कुनाला इचारलं? घर मोडाय निगालीय ती. मी आपला आईसाहेबांवानी सोसतोय."

शालूबाईचंच बोलणं त्याच्या तोंडातून, तिच्याच चालीवर. तिनं बायकांना एक गोष्ट समजावी म्हणून ते घर पुढं केलं होतं, आणि आता त्या घरात दुसऱ्याच कुणी सामान लावलं होतं. जाताना आदिनाथ दारात थांबला आणि सहज म्हणाला, "नवनाथचा गेटपास ह्या म्हैन्यात नवा करायचाय. मीच करतो म्हनलं, त्येला कशाला हेलपाटा." आवाज तेव्हाही चढला नव्हता.

त्या संध्याकाळी शालूबाईला जेवण गेलं नाही. तिला राग आदिनाथचा कमी आणि स्वतःचाच जास्त आला होता. आक्काबाई शेजारी बसून पेढा खात होती.

"शाले, थोरलीला कुनी बदाललं गं? मागल्या आटवड्यापातुर तर बरी हुती."

"लिवनाऱ्यानं."

"कशापायी?"

"लोक बगंनात म्हून. दुसरं काय?"

थोरली वाईट झाली, कारण कुणीतरी कुठंतरी बसून ठरवलं. स्नेहलला कुणी लिहिलं नव्हतं. स्नेहल होती ती होती. अंगानं बारीक, बोलायला फटकळ, दुसऱ्याच्या ढिगात जुडे सरकवणारी. तिनं कुणाचा चेहरा लावला नव्हता. पण हे गावाला कोण सांगणार, आणि कसं? शालूबाईला मालिकेवाचून दुसऱ्या रीतीनं सांगताच येत नव्हतं.

शुक्रवारी अकराला पंचायतीत सभा होती. पांढरी गाडी थेट दाराशी लागली. बाहेर अर्धं गाव जमलेलं, पॉलिहाउसवरच्या चार-पाच बायकाही सुट्टी काढून आलेल्या. त्यांच्यातली एक दुसरीला म्हणत होती, "चेहरा बग कसा केलाय गरीबावानी," आणि ते स्नेहलबद्दल होतं. स्नेहल आत खुर्चीवर बसली होती. तिनं शालूबाईकडं बघितलं, पण बोलावलं नाही. भिंतीपाशी नवनाथ उभा होता. त्यानं दाढी केली नव्हती.

तहसीलदारसाहेबांना पुढं आणखी एक गाव करायचं होतं. त्यांनी ठराव वाचला, स्नेहलला काही बोलायचंय का विचारलं. स्नेहल म्हणाली, "मी माजी सही मागितली, येवढंच." साहेबांनी ते लिहून घेतलं आणि म्हणाले, "ठरावाच्या बाजूनं असतील त्यांनी हात वर करा."

मालिकेत अशा वेळी ढोल वाजतात, प्रत्येकाचा चेहरा तीन-तीनदा दाखवतात आणि पुढचं उद्यावर ढकलतात. इथं पंखा कुरकुरत होता. सहा हात वर गेले. आक्काबाईचा सगळ्यात शेवटी गेला, तोही कोपरापर्यंतच. साहेबांनी पेनानं मोजले आणि शालूबाईकडं पाहिलं.

शालूबाईनं नवनाथकडं पाहिलं. तो जमिनीकडं बघत होता. तिला त्याचं सगळं लहानपण आठवलं असतं, असं लिहायला सोपं आहे. तिला काही आठवलं नाही. ती फक्त दमली होती. तीन दिवस झोपूनसुद्धा गेला नाही असा हा थकवा होता. कुणीतरी उचलून गाडीत घालावं, कुणीतरी फोन काढून घ्यावा, कुणीतरी आपलंच बोलणं आपल्याला ऐकवावं, आणि शेवटी आपला हातसुद्धा त्यांनीच वर करावा, याचा. तिला मनापासून वाईट वाटत होतं आणि भीतीही वाटत होती.

"बाई, तुमचा हात?" साहेब म्हणाले.

"न्हाई," शालूबाई म्हणाली.

"नाही म्हणजे? तटस्थ?"

"न्हाई म्हंजी न्हाई, सायेब. मी ठरावाच्या इरोधात हाय."

ठराव एका हातानं पडला. कुणी गुलाल उधळला नाही. आदिनाथ उठला, साहेबांना नमस्कार करून बाहेर गेला, जाताना शालूबाईला म्हणाला, "येतो मावशी, गुडघ्याला जपा." सोमवारी नवनाथला कारखान्याच्या गेटावरून परत पाठवलं. पास नवा झाला नव्हता. तो घरी येऊन पंख्याखाली पडला आणि दोन दिवस आईशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "तुला काय मिळालं?" शालूबाई डबा भरून पॉलीवर गेली. टेबलावर बायकांनी विचारलं, काल थोरलीचं काय झालं. ती म्हणाली, "बगितलं न्हाई." खरंच बघितलं नव्हतं. टीव्हीपुढं नवनाथ पडलेला असायचा.

एवढं झालं, की त्याच आठवड्यात आदिनाथनं डोंगल एका कागदात गुंडाळून ग्रामसेवकाकडं पाठवून दिलं. वडगावच्या कागदानं ते त्याच्या काही कामाचं उरलं नव्हतं. ही बातमी शालूबाईला समजली, तेव्हा तिला कितीतरी दिवसांनी जरा हलकं वाटलं.

पंधरा दिवसांनी नवनाथला दुसरीकडं अर्ज करायचा होता. त्याला रहिवासी दाखला हवा होता, त्यावर सरपंचाची सही. रविवार होता. शालूबाई स्वतः स्नेहलच्या घरी गेली. स्नेहल भाकऱ्या थापत होती. हात पिठात, कपाळाला पीठ. तिनं मावशीला पाट दिला, पाणी दिलं.

"दाखला व्हय? ह्यांना सांगते. सांजच्याला काढून देतील."

"ह्यांना कशापायी?"

"डोंगल त्यांच्याकडंच असतंय की," स्नेहल भाकरी उलटत म्हणाली. "कान्हे गावाला गेल्यात. मला कॉम्प्युटरचं कुटं कळतंय तेवढं. पिन बी त्यांनीच नवा टाकलाय. म्हनले, तू घरचं बग, मी हाय. भाऊंपेक्षा बरं न्हाई का मावशी? घरातलाच मानूस."

शालूबाई पाटावरून उठली आणि उंबऱ्याबाहेर पायरीवर जाऊन बसली. आत बसवेना. स्नेहलचा नवरा गोरख, दिसायला गरीब, गावाला दुधाच्या गाडीवरचा म्हणून माहीत. ठरावाच्या दिवशी तो बायकोच्या खुर्चीमागं उभा होता आणि त्याचे डोळे भरून आले होते. ते शालूबाईनं पाहिलं होतं.

स्नेहल मागून आली. "मावशी, काय झालं? काय चुकलं का? मालिकेत आसं काय झालंय का थोरलीचं?"

"थोरलीचं नाव काढू नगंस." शालूबाईचा आवाज तिच्या स्वतःच्याच ओळखीचा नव्हता. "थोरली गेली खड्ड्यात. तितं काय होतंय ते मला ठावं न्हाई आन बगायचं बी न्हाई. मी तुला माजं सांगतीय. माजा पोरगा पंदरा दिस झालं घरी पडून हाय. गेटावरनं माघारी लावला त्याला. माज्याशी बोलत न्हाई. मी हात खाली ठिवला तो तुज्या नवऱ्याच्या खिशासाठी ठिवला न्हाई, स्नेहल. मी दमलीय गं पोरी. मला परत येकदा हे करता यायचं न्हाई."

तव्यावरची भाकरी करपल्याचा वास येत होता. स्नेहल उभीच राहिली. मग ती आत गेली, तवा खाली उतरवल्याचा आवाज आला, आणि ती पिठाच्या हातात फोन धरून बाहेर आली. फोनवर ती म्हणाली, "आत्ता या. न्हाई, सांजच्याला न्हाई, आत्ता. व्हय, ते घेऊन." मग ती शालूबाईशेजारी पायरीवर बसली.

वीसेक मिनिटांनी गोरखची मोटारसायकल आली. तो गाडीवरून उतरला, दोघींना पाहिलं आणि हसला.

"काय मावशी, आमच्यात भांडनं लावाय आलाय व्हय?"

कुणी हसलं नाही. त्यानं खिशात हात घातला. किल्ल्यांच्या रिंगलाच डोंगल अडकवलेलं होतं. ते सोडवायला त्याला जरा वेळ लागला. मग त्यानं ते शालूबाईपुढं धरलं.

"घ्या. तुमीच ठिवा. गाव तुमच्याच हातानं वाचलंय ना? तुमच्याकडं असंल, तर कुनी काय बोलायचं न्हाई."

थट्टाच होती, पण अर्धीच. डोंगल तिच्या तोंडासमोर होतं. घेतलं असतं, तर गावात कुणी हरकत घेतली नसती. स्नेहलनं तर नाहीच. बिलं पुन्हा सुरळीत निघाली असती, आदिनाथ पुन्हा तेलाची बाटली घेऊन आला असता, नवनाथ सोमवारी गेटातून आत गेला असता. हे सगळं शालूबाईला एका दमात दिसलं, आणि तिनं दोन्ही हात मांडीवरच ठेवले.

"मला नगं. तिच्या हातात दे."

गोरखचा हात तसाच राहिला. मग त्यानं तो बायकोकडं वळवला. स्नेहलनं हात पुढं केला.

"पीठ लागलंय," गोरख म्हणाला. "आदी हात धुवून ये."

स्नेहल उठली नाही. हातही तिनं मागं घेतला नाही.

"असंच द्या," ती म्हणाली. "आन पिन बी सांगा."